दोन हातांनी ओढलेलं कुलूप

माझ्याकडे कोणी बघत नाही, मित्रांनो. लोक दार बघतात, दारावरचं तोरण बघतात, चौकटीवर रंगवलेलं नाव वाचतात, आणि मला मात्र नुसतं ओढून बघतात. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. रोहिणखेडात जुन्या मशिदीमागच्या गल्लीत पंजाबरावांचं घर आहे. त्या घराची राखण करण्यात माझा जन्म गेला. कुलपानं गप्प बसावं, हे मला मान्य आहे. पण दोन माणसांचे हात मी वर्षानुवर्षं अंगावर घेतले, आणि त्या दोन हातांतला फरक मला जेवढा कळला तेवढा गल्लीत कुणालाच कळला नव्हता. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म अलीगढचा. एका बोळातल्या लहानशा कारखान्यात वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, कानशीनं माझं अंग घासलं, पोटात पट्ट्या आणि स्प्रिंग बसवली. पहिल्यांदा दांडी आत दाबली तेव्हा मी ‘खट्’ म्हणालो. माझा पहिला शब्द तो, आणि पुढं जन्मभर दुसरा शब्द मला आला नाही. तिथून खोक्यात बसून, रेल्वेनं धक्के खात मी नांदुऱ्याला उतरलो आणि मेहबूबभाईंच्या दुकानात तारेला लटकलो.

पंजाबराव आणि त्यांच्या घरच्या मनकर्णाबाई तिथं आले ते स्लॅबच्या नव्या घराला कुलूप घ्यायला. मनकर्णाबाईंनी मला हातात घेतलं, दाबलं, आणि असा काही हिसका दिला की मेहबूबभाई हसायला लागले.

“भाभी, कुलूप हाय ते, बैल नोहे. इतकं कायले वढता?”

“घरी नेल्यावर सुटलं तं तुमी येनार हाय का राखनीले?” मनकर्णाबाई म्हणाल्या.

मला ती बाई तिथंच आवडली. माणसानं कुलूप घेताना ओढून बघावंच. त्यात काही चूक नाही.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. सकाळी दोघं शेतात जायचे, त्यांची काजल शाळेत जायची. मनकर्णाबाई मला दाबायच्या, एक हिसका द्यायच्या, किल्ली पदराच्या गाठीत बांधायच्या आणि चालू लागायच्या. त्यांच्या बोटांना कापसाचा आणि शेणाचा वास असायचा. तो हात कामाचा होता, विश्वासाचा होता. दिवसभर उन्हात मी तापायचो, संध्याकाळी किल्ली फिरली की मोकळा होऊन कडीला लटकायचो आणि ओट्यावरच्या गप्पा ऐकायचो.

ओट्यावर पंजाबराव बसायचे. माणूस दिलदार, हसायला लागला तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा. पण त्यांचा डावा तळहात कायम चुन्यानं पांढरा. सकाळी उठलं की तंबाखू, चहा झाला की तंबाखू, जेवण झालं की तंबाखू, आणि काहीच झालं नाही तर काहीच झालं नाही म्हणून तंबाखू. मळायची, थापटायची, चिमूट गालात धरायची आणि डोळे मिटायचे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी शांती यायची ती मी देवळातल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिली नसती, अर्थात देवळात मी कधी गेलोच नाही म्हणा.

मग त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला. मोताळ्याच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी धरून पाहिलं आणि सरळ सांगितलं, तंबाखू सोडली नाही तर पुढचं माझ्या हातात नाही. घरी आल्यावर मनकर्णाबाई सगळ्या पुड्या उकिरड्यात टाकायला निघाल्या, तर पंजाबराव आडवे आले.

“फेकू नोको. पेटीत कुलपात ठेव. घरात हाय एवढं माहीत असलं तं धीर राहीन. मांगितली तरी देऊ नोको मले.”

असं त्या दिवशी मला दारावरून काढलं आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीला लावलं. दाराला दुसरं एक पत्र्याचं कुलूप आणलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घराची राखण करणाऱ्याला तंबाखूच्या पुड्या राखायला बसवलं.

पण तिथंच मला पंजाबरावांचा हात कळला. घरात कोणी नसलं की ते यायचे. आधी नुसते माझ्यासमोर बसायचे. मग माझ्या अंगावरून बोटं फिरवायचे. तो हात गरम असायचा, अधीर असायचा. भुकेल्या माणसाचा हात ताटाकडे जातो तसा यायचा. मला ओढायचे, मी सुटायचो नाही. मग एक दिवस त्यांनी माझ्या किल्लीच्या भोकात तार घातली आणि इतका वेळ खुडबुड केली की मी हरलो. पुडी हातात आली तेव्हा त्यांचे खांदे खाली आले, श्वास लांब झाला. मला परत दाबून ठेवताना ते हळूच म्हणाले, “आजच्या दिस. उद्यापासून बंद.” हे ते मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

तो उद्या काही आला नाही. तारेची सवय झाली, चोरून खाण्याची सवय झाली. शेवटी शेवटी तर त्यांना चवही लागत नव्हती. खाल्ल्यावर ते तोंड वाकडं करायचे, आणि तरी दुसऱ्या दिवशी तार घेऊन हजर. एकदा काजल शाळेतून लवकर आली आणि तिनं हे पाहिलं. दप्तर ठेवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. बापाला ते फार लागलं.

त्या वर्षी गावातल्या सप्ताहात काही माणसांनी गळ्यात माळ घातली. पंजाबरावही गेले. घरी येऊन त्यांनी काजलला समोर उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आजपासून तंबाखूले हात लावनार नाही. लावला तं तुह्या डोक्यावरचा हा हात माहा नोहे.” त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, बळजबरी केली नव्हती. स्वतःहून बोलले. आणि मित्रांनो, जमलं त्यांना. महिनाभर घरात भांडी आपटली, कुत्र्यावर ओरडले, खिसे भरभरून फुटाणे खाल्ले, पण जमलं. पुड्या उकिरड्यावर गेल्या आणि मी दारावर परत आलो. तेव्हापासून पंजाबराव कुणालाही सांगायचे, “शपथ घ्या. शपथेसारखं औषध नाही.” त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच म्हणालं असतं.

पुढं काजल मोठी झाली, तिचं लग्न नांदुऱ्याच्या राजकुमारशी झालं. राजकुमार कापसाच्या गाठींचा ट्रक चालवतो, आठवडा आठवडा बाहेर असतो. त्यांना मयुरी नावाची मुलगी झाली. इकडे घर रिकामं झालं. त्यातच गल्लीच्या टोकाच्या एका घरी दिवसाढवळ्या चोरी झाली. कुलूप नीट लागलंच नव्हतं म्हणे. त्या आठवड्यात मनकर्णाबाईंनी मला दोनदा ओढून पाहिलं. मी म्हटलं, ठीक आहे, बाई घाबरली आहे, चार दिवसांत विसरेल.

विसरली नाही. दोनदाचं किती वेळा झालं ते मला कळलंच नाही. ओढायच्या, चार पावलं जायच्या, परत यायच्या, ओढायच्या. गल्लीच्या वळणावरून परत यायच्या. पुढं पुढं स्टँडवरून परत यायला लागल्या. तोंडानं पुटपुटायच्या, “लागलं, लागलं, लागलं.” शेजारची चांदबी आपल्या ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली असायची. ती म्हणायची, “भाभी, जा ना आता. म्या पाह्यलं, लागलं हाय.” मनकर्णाबाई हसून मान हलवायच्या, वळणापर्यंत जायच्या आणि परत यायच्या.

गावाला ही मजाच झाली. स्टँडवर लोक म्हणायचे, “मनकर्णाबाईनं कुलूप वढलं का? तवर कंडक्टर घंटी मारत नाही.” त्या स्वतःही हसायच्या. पंजाबरावांना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “मले तंबाखूचं व्यसन होतं, इले कुलपाचं हाय.” सगळ्यांना ते पटायचं. दोघांचे हात पुन्हा पुन्हा त्याच जागी जात होते, दोघं ‘एवढ्या वेळीच’ म्हणत होते, दोघांनाही थांबता येत नव्हतं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच.

मी वरून पाहत नव्हतो. मी त्या हातांखाली होतो. पंजाबरावांचा हात गरम होता, हिचा बर्फासारखा गार आणि घामानं ओला. त्याला पेटीतलं काहीतरी हवं होतं. हिला माझ्याकडून काहीच नको होतं. त्याला ते मिळालं की घडीभर तरी बरं वाटायचं, खांदे खाली यायचे. हिचे खांदे कधी खाली आलेच नाहीत. ओढताना तिला सुख नव्हतं, ओढल्यावरही नव्हतं. मी ठणठणीत लागलेलो असायचो, तिच्या बोटांना ते कळायचं, तिच्या डोळ्यांना दिसायचं, पण आत कुठंतरी कोणीतरी तिला विचारत राहायचं, ‘आणि नसलं लागलं तर?’ त्या प्रश्नाला मी कितीही वेळा ‘खट्’ म्हणून उत्तर दिलं तरी पुरत नव्हतं. मला तिची फार कीव यायची. हसणाऱ्यांचा राग यायचा.

मागच्या दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न लागल्यावर, काजल मयुरीला घेऊन आली होती. सगळ्यांना पंजाबरावांच्या पुतण्याच्या हळदीला जायचं होतं. मनकर्णाबाई स्टँडवरून तीनदा परत आल्या आणि एस.टी. गेली. दुसरी गाडी दुपारनंतर. हळद हुकली. सगळे परत येऊन ओट्यावर बसले. पंजाबराव चिडले नाहीत. उलट त्यांचा आवाज मऊ होता, आणि म्हणूनच पुढं जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

“काजलची माय, इकडं ये. मले जमलं तं तुले काऊन नाही जमनार? मयुरीच्या डोक्यावर हात ठेव. म्हन, आजपासून कुलूप लावल्यावर परत हात लावनार नाही.”

मनकर्णाबाई मागं सरकल्या. “तिच्या डोक्यावर नोको. माही घाला शपथ. देवाची घाला. लेकराची नोको.”

“अवं, लेकराची हाय म्हनूनच ते टिकते. म्या काजलची घेतली होती का नाही?”

काजललाही तेच बरं वाटलं. तिनं बापाला सुटलेलं पाहिलं होतं. तिनंच आईचा हात धरून मयुरीच्या जावळावर ठेवला. मयुरी खेळ समजून हसली. मनकर्णाबाई काय पुटपुटल्या ते मलाही ऐकू आलं नाही.

मित्रांनो, इथं मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पंजाबरावांना आपल्या गालातल्या चट्ट्याची भीती वाटतच नव्हती, म्हणून त्यांना कुणाची तरी भीती घालून घ्यावी लागली आणि ती कामाला आली. हिच्यात भीती आधीच काठोकाठ भरलेली होती. तिच्यात वरून आणखी एक लेकरू बुडवलं.

त्यानंतर मनकर्णाबाईंनी मला ओढणं बंद केलं. सगळे खूश झाले. पंजाबराव स्टँडवर सांगत सुटले. पण त्या काय करायच्या ते मला माहीत आहे. मला दाबायच्या आणि दोन्ही हात काखेत दाबून माझ्यासमोर उभ्या राहायच्या, टक लावून. मग चांदबीला हाक मारायच्या.

“चांदबी, जरा वढून पाय वं माय.”

चांदबी ओढायची. “लागलं.”

“अजून एकदा.”

चांदबी पुन्हा ओढायची. भली बाई ती, कधी कुरकुर केली नाही. पण चांदबी कापसाच्या वेचणीला गेली की मनकर्णाबाई घराबाहेरच पडत नसत. शेतात जाणं बंद झालं. नांदुऱ्याला लेकीकडं जाणं बंद झालं. मनात नवीनच काहीतरी सुरू झालं होतं. चांदबीकडून ओढवून घेतलं म्हणजे शपथ मोडली का? नजरेनं पाहिलं म्हणजे मोडली का? दाबताना बोट जास्त वेळ राहिलं, ते मोजायचं का? हे त्या हळू आवाजात मलाच विचारायच्या.

एक दिवस त्यांना राहवलं नाही. पदराचं टोक हातावर गुंडाळून त्यांनी मला हळूच ओढलं, आणि चटका बसल्यासारख्या मागं झाल्या. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी काजलचा फोन आला. मयुरीला ताप होता, उतरत नव्हता, दवाखान्यात ठेवली होती. राजकुमार ट्रक घेऊन सुरतेकडं गेलेला. काजल एकटी होती.

मनकर्णाबाईंनी पिशवी भरली, मला दाबलं, पंजाबरावांसोबत स्टँडकडं निघाल्या. थोड्या वेळानं एकट्याच परत आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढं येत नव्हत्या, मागंही जात नव्हत्या. पंजाबराव पाठोपाठ आले तोवर एस.टी. निघून गेली होती. ते ओट्यावर बसले. फोन वाजला. पिशवी काखेत धरूनच मनकर्णाबाईंनी फोनचा स्पीकर लावला.

“आई, बसली का गाडीत?”

मनकर्णाबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

“म्हंजे नाही बसली. परत गेली ना कुलपाकडं?” काजलचा आवाज रडवेला झाला. “आई, तुले कुलूप मोठं हाय का नात मोठी हाय? इथी मी एकटी हाय. पोरगी सुईच्या नुसत्या नावानं रडून राह्यली. तुले येवाच नसन तं येवाचं नाही म्हन.”

“मी नाही येत, काजल,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी आली तं तिले जास्त होईन. म्या शपथ मोडली. पदर लावून वढलं. माह्याच हातानं आजारी पडली तुही पोरगी.”

फोनमध्ये मागं मयुरीचं रडणं ऐकू आलं. मग काजल हळूच म्हणाली, “आई, तू इतके दिवस हे घेऊन बसली होती?”

ओट्यावरचे पंजाबराव उठले. मी त्यांचा चेहरा कधी तसा पाहिला नव्हता. आपल्याकडं शपथ घालणाऱ्यानंच ‘सुटली’ म्हणायचं असतं, लहान पोरंसुद्धा तेवढं पाळतात. ते बायकोसमोर येऊन उभे राहिले.

“सुटली,” ते म्हणाले. “म्या घातली होती, मीच सोडतो. शपथ सुटली. मयुरीले व्हायरल झालं, अर्ध्या नांदुऱ्याले झालं हाय. तुह्या हातानं काही नाही झालं.”

“सुटली म्हटल्यानं सुटते का हो?”

“तोंडानं तं सुटली. डोक्यातून कशी काढाची ते मले नाही माहीत.” त्यांनी तिच्या काखेतली पिशवी काढून खाली ठेवली. “म्या तुले माह्यावानी समजलो. चुकलं माहं. आपून कोनाले तरी इचारू.”

त्या दिवशी पंजाबराव एकटेच मिळेल त्या गाडीनं नांदुऱ्याला गेले. मनकर्णाबाई माझ्याकडं पाठ करून उंबऱ्यावर बसून राहिल्या. मयुरीचा ताप जसा यायचा तसा आला आणि जसा जायचा तसा गेला. पण त्यानंतर पोरीला इथं आणलं तेव्हा मनकर्णाबाई तिला जवळ घेईनात. ‘आजी, उचल’ म्हणून ती हात वर करायची आणि आजी कामाचं निमित्त काढून आत जायची. आपला हातच वाईट आहे, असं आजीनं ठरवून टाकलं होतं. काजलनं ते पाहिलं आणि आईला घेऊन ती बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडं गेली. गावात कुजबुज झाली. पंजाबराव म्हणाले, “माह्या गालाचा डॉक्टर चालते अन् इच्या मनाचा नाही चालत का?” मग कुजबुज थांबली.

डॉक्टर बाईंनी काय सांगितलं ते मी ओट्यावरच्या बोलण्यातून ऐकलं. हा आजार आहे, नाटक नाही आणि चटकही नाही. गोळ्या मिळाल्या, आणि एक विचित्र अभ्यास मिळाला. कुलूप एकदाच लावायचं, एकदाच ओढायचं आणि निघायचं. भीती येईल, तर येऊ द्यायची. परत यायचं नाही. भीती आपल्या पावलांनी येते, तशी आपल्या पावलांनी जाते, तिला जाताना पाहायचं. आणि घरच्यांनी ‘लागलं, लागलं’ म्हणून धीर द्यायचा नाही. तो धीर म्हणजेही पुन्हा ओढणंच.

त्या संध्याकाळी दोघं ओट्यावर बसले होते. पंजाबरावांनी सवयीनं खिसा चाचपला. खिशात फुटाणे होते.

“अजून वाटते?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“वाटते ना. पानठेल्यापुढून जाताना आजही वढून नेते. मले ते पायजे वाटते. भेटलं तं लय बरं वाटीन असं वाटते.” त्यांनी फुटाणे तिच्या हातावर ठेवले. “तुले कसं वाटते?”

मनकर्णाबाईंनी फुटाणे मुठीत धरले. “मले काहीच पायजे नाही वाटत. कुलपापाशी जावाची इच्छा नाही होत, जीव घाबरते. पन नाही गेली तं कोनाचं तरी वाईट होईन अन् ते माह्यानं होईन, असं वाटते. तुमाले एक पुडी भेटली तं तुमी गप बसत होते. मले सारं सोनं भेटलं तरी ते आतलं गप नाही बसत.”

“मंग आपलं येगयेगळं हाय,” पंजाबराव म्हणाले.

“हाव. येगयेगळं हाय. पन दोघाले बी वाटत होतं, एकदाच करतो अन् सोडतो.”

मग दोघं फुटाणे खात बसले.

अभ्यास सोपा नव्हता. पहिल्या दिवशी मनकर्णाबाई वळणापर्यंत गेल्या आणि तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी विचारलं, “लागलं का हो?”

“मी नाही सांगनार,” पंजाबराव म्हणाले.

“दुष्मन हाय हा मानूस,” त्या चांदबीला म्हणाल्या. चांदबीनंही मान फिरवली, कारण तिलाही समजावून ठेवलं होतं. मनकर्णाबाई तिथंच घाम पुसत उभ्या होत्या. खूप वेळानं त्यांचा श्वास खाली आला. कधी त्या हरल्या आणि धावत परत आल्या, कधी रडल्या, कधी गोळ्या बंद करते म्हणाल्या. पण कापसाची वेचणी संपत आली तोवर त्या एक हिसका देऊन शेतापर्यंत जाऊ लागल्या होत्या. त्यांचा हात हळूहळू कोरडा होत चालला होता. मयुरीला मात्र त्यांनी अजून उचललं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघत असेल, कुणी हात धूत असेल, कुणी मोबाईल सोडत नसेल, कुणी चोरून पुडी खात असेल. त्यांना हसू नका, एवढं माझं मागणं आहे. आणि सगळ्यांना एकच औषध देऊ नका. आधी बाजूला बसा आणि विचारा, तुला ते हवं वाटतं, की त्याची भीती वाटते? ज्याला हवं वाटतं त्याला सोडायला मदत लागते. ज्याला भीती वाटते त्याला आधी त्या भीतीतून सोडवावं लागतं, आणि ते शपथेनं होत नाही. लेकरांच्या डोक्यावर कुणाचाही हात जबरीनं ठेवू नका. ते डोकं मायेनं हात फिरवायला असतं.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो. मागच्या महिन्यात राजकुमार पुन्हा ट्रकवर गेला, काजलला बरं नव्हतं, म्हणून मयुरीला काही दिवसांसाठी इकडं आणायचं ठरलं. मनकर्णाबाईंनी मला दाबलं, एकदा ओढलं आणि पंजाबरावांसोबत निघाल्या. वळणावर थांबल्या. मी वाट पाहत होतो, आता येतील. आल्या नाहीत. पहिल्यांदाच त्या थेट नांदुऱ्याला गेल्या.

आणि नेमकं त्याच दिवशी ते घडलं. इतक्या वर्षांच्या हिसक्यांनी माझ्या दांडीची खाच झिजून गुळगुळीत झाली होती. त्या गेल्या तेव्हा मी नीट लागलेलो होतो, त्यांनी ओढलं तेव्हाही धरून होतो. दुपारी जोराचं वारं आलं, दार हललं आणि माझी दांडी सटकली. मी कडीला उघडा लटकत राहिलो. दार अर्धवट उघडलं. चांदबी शेतात होती. तिच्या कोंबड्या मात्र घरी होत्या, आणि त्या ऐटीत आत शिरल्या.

दिवस मावळायच्या आधी दोघं परत आले. मयुरी आजीच्या खांद्यावर होती. पंजाबरावांनी मला आधी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. ते झटकन पुढं आले आणि माझ्यासमोर आडवे उभे राहिले.

“सरका,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“तू आंधी ओट्यावर बस. पानी आनतो.”

“सरका हो. दिसलं मले.”

ते बाजूला झाले. मनकर्णाबाईंनी मला पाहिलं, अर्धं उघडं दार पाहिलं. ज्या गोष्टीची त्यांना इतकी वर्षं धास्ती होती ती समोर उभी होती. त्यांचा श्वास वर गेला. मी मनात म्हटलं, गेलं सगळं, आता ही बाई परत कधी उंबरा ओलांडायची नाही. आतून एक कोंबडी बाहेर आली, तिच्या चोचीला तुरीची डाळ चिकटलेली होती. ती सगळ्यांकडं बघून, आपलंच घर असल्यासारखी, ओट्यावरून उतरून गेली.

मनकर्णाबाईंचा श्वास हळूहळू खाली आला. त्या पायरीवर बसल्या. खांद्यावरची मयुरी झोपेत चुळबुळली, तशी त्यांनी तिची मान नीट केली.

“जा ना आत,” पंजाबराव घाबरत म्हणाले. “पाय काय गेलं ते.”

“तुमीच पाहा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “माहे हात मोकळे नाहीत. पोरगी झोपली हाय.”